पीएफटी 'नॉर्मल' आली, पण टेस्ट नीट झाली होती का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा ज्यांच्या कंपनीच्या बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. ऑडिओत जे बोललो तेच थोडं आवरून मांडलंय. आकडेमोड मात्र इथे नीट लिहून दाखवलीय, कारण आकडे कानातून लगेच निसटतात.

आजचा विषय आहे कारखान्यात होणारी फुप्फुसांची टेस्ट. चाकण, वाळूज, अंबड, शिरोली, बुटीबोरी, अशा कुठल्याही एमआयडीसीत तुम्ही किंवा घरचं कोणी कामाला असेल, तर ही टेस्ट 'पीएफटी' म्हणून माहीत असेल. वर्षातून एकदा कंपनीत मेडिकल कॅम्प लागतो. वजन, बीपी, डोळे, रक्त, कान, आणि मग एका टेबलावर छोटं मशीन आणि पुठ्ठ्याची नळी. "जोरात फुंका." फुंकलं. "झालं, पुढचा या." काही दिवसांनी रिपोर्ट येतो, त्यावर शिक्का असतो: 'विदिन नॉर्मल लिमिट्स'. तो फाइलला लागतो आणि विषय संपतो.

आपला आजचा प्रश्न एवढाच आहे: या 'नॉर्मल'वर विश्वास कधी ठेवायचा?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण सेन्सरमधून आलेल्या आकड्यात खरा सिग्नल किती आणि कचरा किती, हे शोधणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आणि पीएफटी म्हणजे शेवटी काय, तर एक सेन्सर, एक माणूस आणि त्या माणसाला 'फुंक' म्हणणारा दुसरा माणूस. तिघांपैकी एकही ढिला पडला की आकडा बिघडतो. गंमत म्हणजे बिघडलेला आकडाही कागदावर तितकाच सुबक छापून येतो.

टेस्ट नेमकं मोजते काय?

या टेस्टचं खरं नाव स्पायरोमेट्री. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने आपल्या स्पायरोमीटरवरचं काम प्रसिद्ध केलं. त्याने दोन हजारांहून जास्त लोकांना फुंकायला लावलं होतं. त्यात खलाशी होते, पोलीस होते, सैनिक होते. म्हणजे माणसाचा दम आणि त्याचं काम हे दोन्ही या यंत्राशी अगदी सुरुवातीपासून जोडलेले आहेत.

आज त्यातले दोन आकडे महत्त्वाचे. पहिला एफव्हीसी: छाती पूर्ण भरून घेतल्यावर जोर लावून, शेवटपर्यंत फुंकून एकूण किती हवा बाहेर काढता येते. दुसरा एफईव्ही-१: त्यातली पहिल्या एका सेकंदात किती निघाली. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की गुणोत्तर मिळतं. हवेच्या नळ्या मोकळ्या असतील तर पहिल्याच सेकंदात बरीचशी हवा बाहेर पडते. नळ्या अरुंद झाल्या असतील तर हवा रेंगाळते आणि गुणोत्तर खाली येतं. तरुण निरोगी माणसात ते साधारण ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतं.

रक्ताच्या टेस्टमध्ये तुम्ही नुसता हात पुढे करता, बाकीचं मशीन बघतं. इथे तसं नाही. इथे आकडा तुमच्या प्रयत्नातून तयार होतो. अर्धवट प्रयत्न केला की अर्धवट आकडा येतो. म्हणून ही टेस्ट 'काढून' मिळत नाही, ती करवून घ्यावी लागते.

३० एमएलचा हिशोब

पंचविशी-तिशीनंतर आपला एफईव्ही-१ वयानुसार आपोआप कमी होत जातो. निरोगी माणसात हा वेग वर्षाला साधारण २५ ते ३० एमएल, म्हणजे चहाच्या छोट्या कटिंगच्या निम्म्याहूनही कमी.

धूळ, सिलिका, वेल्डिंगचा धूर, रसायनांची वाफ यांत वर्षानुवर्षं काम केल्यावर हा वेग वाढू शकतो. समजा तो दुप्पट झाला, वर्षाला ६० एमएल. कॅम्पमधल्या टेस्टने शोधायचं काय, तर हा जास्तीचा ३० एमएल. एका वर्षात तो दिसणारच नाही, पण पाच-दहा वर्षांच्या रिपोर्टांची रेघ ओढली तर दिसायला हवा.

आता दुसरी बाजू बघा. टेस्ट अगदी नियमाने केली तरी एका फुंकेपासून दुसरीत थोडा फरक पडतोच. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांची या टेस्टसाठी मिळून ठरवलेली मानकं आहेत, शेवटची सुधारणा २०१९ ची. ती सांगतात की किमान तीन स्वीकारार्ह फुंका हव्यात, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या दोन आकड्यांमधला फरक १५० एमएलच्या आत हवा. एफव्हीसीसाठीही आणि एफईव्ही-१ साठीही. जुळलं नाही तर पुन्हा फुंकायचं, मोठ्या माणसात साधारण आठ वेळांपर्यंत.

म्हणजे उत्तम टेस्टमध्येही १५० एमएलपर्यंतची थरथर मान्य आहे. ढिसाळ टेस्टमध्ये ती सहज ३०० एमएल होते. ३०० एमएल म्हणजे दहा वर्षांच्या वयाची घट! ज्या तराजूचा काटाच दहा वर्षं इकडेतिकडे हलतोय, त्यावर आपण एका वर्षाची घट मोजायला निघालोय.

फुंक कुठे कुठे चुकते

चुका बऱ्याच असतात. पण सगळ्या चुका एकाच दिशेने जात नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे.

श्वास पूर्ण भरून घेतला नाही, तर दोन्ही आकडे कमी येतात. रिपोर्ट म्हणतो 'रिस्ट्रिक्शन', म्हणजे फुप्फुसं आक्रसल्यासारखी. माणूस ठणठणीत असतो, पण घाबरून जातो, स्कॅन काढतो, पैसे घालवतो.

फुंक लवकर सोडली, तर त्याच्या उलट होतं आणि ते जास्त वाईट आहे. उदाहरण घेऊ. एका कामगाराचा एफईव्ही-१ आहे २.१० लिटर आणि खरा एफव्हीसी ३.५० लिटर. गुणोत्तर ६० टक्के, म्हणजे नळ्यांमध्ये स्पष्ट अडथळा. पण अशा माणसाची हवा हळूहळू निघते, त्याला दहा-बारा सेकंदही लागू शकतात. टेक्निशियनने तिसऱ्या सेकंदालाच "बस्स" म्हटलं आणि तोवर २.८० लिटर निघाली होती. आता गुणोत्तर झालं ७५ टक्के. आजार कागदावरून गायब! फुप्फुसांत काहीच बदललं नाही, फक्त टेस्ट लवकर थांबली.

म्हणून मानक सांगतं की शेवटच्या पूर्ण एका सेकंदात २५ एमएलपेक्षा जास्त हवा निघत नाही, म्हणजे आलेख सपाट झालाय, असं दिसेपर्यंत फुंकत राहायचं. सपाट होतच नसेल तर १५ सेकंदांपर्यंत.

याशिवाय सुरुवातीला चाचरणं, पहिल्याच सेकंदात खोकला येणं, ओठांच्या कडेने हवा सुटणं, जीभ नळीच्या तोंडाशी येणं, मध्येच पुन्हा श्वास घेणं. यातलं प्रत्येक आलेखावर दिसतं. आकड्यात दिसत नाही. म्हणून ज्या रिपोर्टवर आलेख नाही, त्यावरचा आकडा तपासायला जागाच उरत नाही.

आता टेक्निशियनचं काम लक्षात आलं असेल. चांगला टेक्निशियन शांत बसत नाही. तो आधी स्वतः फुंकून दाखवतो, आणि तुमची फुंक सुरू झाली की क्रिकेटच्या मैदानावर ओरडावं तसा ओरडतो, "जोरात! सोडू नका! अजून, अजून, अजून!" आणि हे कामगाराला कळणाऱ्या भाषेत हवं. बिहार-ओडिशाहून आलेल्या पोराला मराठीत किंवा इंग्रजीत भराभर सूचना दिल्या तर तो बिचारा अंदाजाने फुंकणार. टेबलामागे मोबाइल बघत "फुंको" म्हणणारा माणूस म्हणजे अर्धी टेस्ट तिथेच गेली.

मशीनही चुकतं, आणि ते जास्त फसवं असतं

आजची बहुतेक मशीन हवेचा प्रवाह मोजतात आणि त्याची सेकंदासेकंदाने बेरीज करून आकारमान काढतात. माझ्यासारख्या माणसाचे कान इथे टवकारतात, कारण बेरजेत छोटी चूकही साचत जाते.

भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवण्याआधी शून्य दिसतंय का ते आपण बघतो ना? तसंच या मशीनलाही फुंकेआधी 'शून्य प्रवाह' शिकवावा लागतो. त्या क्षणी सेन्सर हातात हलला, किंवा वरून पंख्याचा वारा लागला, तर मशीनचं शून्यच चुकतं. समजा चूक आहे सेकंदाला फक्त २० एमएल. दहा सेकंदांच्या फुंकेत ती साचून २०० एमएल होते. सेन्सरच्या जाळीवर थुंकी किंवा बाष्प जमलं तर आकडे खऱ्यापेक्षा मोठे येऊ शकतात, म्हणजे दम कमी झालेला माणूस धडधाकट दिसतो.

यात वाईट हे, की अशा चुकीत तिन्ही फुंका एकमेकींशी छान जुळू शकतात. चुकीच्या काट्यावर तीनदा वजन केलं तरी तीनदा तेच येतं, तसं.

त्यावर उपाय साधा आहे: तीन लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज. मोठी पिचकारीच समजा. रोज, टेस्ट सुरू करण्याआधी, तिच्यातून बरोबर तीन लिटर हवा मशीनमध्ये ढकलायची. एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात. मशीनने प्रत्येक वेळी तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे २.९१ ते ३.०९ लिटर दाखवायला हवं. नाही दाखवलं तर दुरुस्त होईपर्यंत टेस्ट बंद. आणि याची तारीखवार नोंद ठेवायची. पाच मिनिटांचं काम आहे.

दोनशे माणसं, एक मशीन

मग हे सगळं माहीत असताना कॅम्पमध्ये गडबड का होते? उत्तर बऱ्यापैकी साध्या गणितात आहे.

उंची मोजणं, प्रश्न विचारणं, समजावणं, तीन ते आठ फुंका आणि मध्ये विश्रांती, असं सगळं धरून एका माणसाला १५ मिनिटं धरू. आठ तासांच्या दिवसात एका मशीनवर होतील ३२ माणसं, तीही टेक्निशियनने जेवण सोडलं तर. आता कंपनीने सांगितलं की २०० जणांचं एका दिवसात उरका, लाइन थांबवता येणार नाही. ४८० मिनिटं भागिले २००, म्हणजे माणशी २.४ मिनिटं. अडीच मिनिटांत तीन चांगल्या फुंका होतच नाहीत. तेव्हा कॅम्पचं वेळापत्रक बघूनच टेस्टचा दर्जा कळतो, रिपोर्ट उघडायचीही गरज नाही.

त्यात कॅम्प घेणाऱ्या एजन्सीला पैसे माणशी मिळतात, आलेख जुळले की नाही यावर नाही. एचआरला ऑडिटसाठी फाइल पूर्ण हवी असते. आणि कामगाराला, त्यातही ठेकेदाराकडच्या कामगाराला, भीती असते की रिपोर्ट वाईट आला तर उद्यापासून गेट बंद. म्हणजे सगळ्यांनाच 'नॉर्मल' हवं असतं. वाईट टेस्ट कोणालाच खुपत नाही, म्हणून ती टिकून राहते.

माझा एक मावसभाऊ फाउंड्रीत आहे, कास्टिंग घासून साफ करायच्या फेटलिंग विभागात, नऊ वर्षं झाली. वाळू म्हणजे सिलिका, आणि ग्राइंडर म्हणजे तिची बारीक धूळ. त्याच्या शेवटच्या पाच वर्षांच्या पीएफटी मी एकाखाली एक मांडल्या. एफईव्ही-१ असा होता: ३.६, ३.१, ३.७, ३.२, ३.५ लिटर. पाचही रिपोर्टांवर 'नॉर्मल'. आता सांगा, कोणाची फुप्फुसं एका वर्षात अर्धा लिटर कमी होऊन पुढच्या वर्षी ६०० एमएल परत वाढतात का? हा आकड्यांचा नाच फुप्फुसांचा नव्हता, टेस्टचा होता. एकाही रिपोर्टवर आलेख नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, "एकदाच फुंकायला लावतात रे, कधी कधी दोनदा."

नंतर त्याने छातीच्या डॉक्टरांकडे नीट टेस्ट करून घेतली. पाच फुंका झाल्या, त्यातल्या तीन चांगल्या: ३.२८, ३.२४, ३.२० लिटर. डॉक्टर म्हणाले, आजार दिसत नाही, मास्क नीट वापर, एक्स-रेही काढ आणि पुढच्या वर्षी इथेच ये. चांगली बातमीच आहे. पण कामाला लागला तेव्हा त्याचा आकडा काय होता? ३.४ की ३.९? नऊ वर्षांत गेलं ते वयाचं गेलं की धुळीचं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. त्याची खरी पहिली टेस्ट वयाच्या एकतिसाव्या वर्षी झाली.

'नॉर्मल' असूनही घसरण

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिपोर्टवरचा 'टक्के प्रेडिक्टेड' म्हणजे तुमच्याच वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी लोकांच्या सरासरीशी केलेली तुलना. तुमची तुमच्याशी तुलना त्यात नसते.

समजा एक मुलगा २४ व्या वर्षी नोकरीला लागला. कबड्डी खेळणारा, दमदार. एफईव्ही-१ ४.२० लिटर, त्याच्या वयाची सरासरी ३.५०, म्हणजे १२० टक्के. दहा वर्षांनी आकडा आला ३.१५ आणि त्या वयाची सरासरी ३.२५. म्हणजे ९७ टक्के. रिपोर्ट म्हणणार 'नॉर्मल'.

पण त्याने गमावलं किती? १.०५ लिटर. वयाने जायला हवे होते साधारण ३०० एमएल. उरलेले ७५० एमएल कुठे गेले, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. कामाच्या ठिकाणच्या तपासणीत वयाची अपेक्षित घट वजा करून, मूळ आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त घट दिसली तर ती गंभीर धरायची, असा संकेत आहे. टेस्टचा दर्जा उत्तम असेल तर १० टक्क्यांनाही दखल घेता येते. आपल्या मुलाचं बघा: ४.२० मधून ०.३० गेले की ३.९०. त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण ३.३२. तो आहे ३.१५ वर. म्हणजे घंटा वाजायला हवी.

पण ही घंटा वाजायला दोन गोष्टी लागतात: पहिल्या दिवसाची चांगली टेस्ट, आणि मधल्या प्रत्येक वर्षाची चांगली टेस्ट. दर्जा चांगला असेल तर घसरण लवकर पकडता येते, इतका सरळ संबंध आहे.

तुलना लिटरमध्येच करा, याला आणखी एक कारण आहे. टक्केवारी मशीनमधल्या सेटिंगवर अवलंबून असते. एका वर्षी 'इंडियन', पुढच्या वर्षी 'कॉकेशियन' निवडलं की टक्के बदलतात, फुप्फुसं तीच राहतात. उंचीचंही तसंच. "किती उंची?" "पाच-सात असेल" असं विचारून भरली आणि पाच सेंटिमीटर चुकली, तर पुरुषाच्या अपेक्षित एफव्हीसीमध्ये पाव लिटरच्या आसपास फरक पडू शकतो. उंची बूट काढून मोजायची असते.

याने खरंच काही फरक पडतो का?

पडतो. दोन उदाहरणं देतो.

पहिलं अमेरिकेतलं. मे २००० मध्ये मिझुरी राज्याच्या आरोग्य खात्याला कळलं की मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एकाच कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसांतल्या सूक्ष्म नळ्या कायमच्या बुजवणारा एक दुर्मीळ आजार झालाय. त्याचं नाव ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. या आजारात साधा एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल दिसतो, आणि तो दमा समजला जाणं सोपं असतं. मग तिथल्या नायोश या सरकारी संशोधन संस्थेने कारखान्यात जाऊन सध्याच्या कामगारांची नीट स्पायरोमेट्री केली. नळ्यांमधल्या अडथळ्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ३.३ पट निघालं. संशयाची सुई लोण्याचा वास देणाऱ्या रसायनांकडे, मुख्यतः डायअॅसिटिलकडे वळली. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण ज्यांचं अजून झालेलं नव्हतं त्यांच्यासाठी हवा बदलता आली. विचार करा, तिथे लवकर थांबवलेल्या फुंका असत्या तर? वर पाहिलं तसं गुणोत्तर ७५ टक्के आलं असतं आणि सगळे 'नॉर्मल' ठरले असते.

दुसरं आपल्या घरचं. कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस. सूतगिरणीतल्या ब्लो रूम आणि कार्डिंग विभागात काम केलेल्यांना हा जास्त होतो. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. म्हणून यात टेस्ट त्याच दिवशी दोनदा करतात, शिफ्टच्या आधी आणि नंतर. अमेरिकेच्या १९७८ च्या कापूस-धूळ नियमात पहिल्या दिवशी एफईव्ही-१ पाच टक्के किंवा २०० एमएल घसरला, तर त्या कामगाराची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची असं म्हटलंय. आणि डॉक्टर सोडून जो कोणी टेस्ट करेल त्याने नायोशमान्य प्रशिक्षण घेतलेलं असलंच पाहिजे, हेही त्याच नियमात आहे. २०१६ च्या सिलिका नियमातही टेक्निशियनकडे असं चालू प्रमाणपत्र असावं लागतं.

आपल्याकडे बायसिनोसिस आणि सिलिकोसिस दोन्ही कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, म्हणजे भरपाईचा हक्क आहे. पण दावा करताना दम किती गेला हे दाखवावं लागतं. तिथे मागची सगळी वर्षं 'नॉर्मल'चे शिक्के असतील, तर आपलीच फाइल आपल्या विरोधात उभी राहते.

एक सावधानता: पीएफटी नॉर्मल म्हणजे सिलिकोसिस नाही, असं होत नाही. सिलिकोसिससाठी छातीचा एक्स-रे लागतोच. दोन्ही टेस्ट एकमेकींच्या जोडीने चालतात.

मग आपण काय करायचं?

टेस्टच्या आधी:

- एक तास सिगारेट-बिडी किंवा व्हेप नको, पळापळ नको. पट्टा सैल करा.
- नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा टीबीचे उपचार चालू असतील, तर आधी सांगा. जोरात फुंकणं तेव्हा धोक्याचं असू शकतं, टीबीत तर दुसऱ्यांनाही.
- नळी आणि फिल्टर नवा आहे ना, बघा. तो प्रत्येकाला वेगळा हवा.

टेस्टच्या वेळी:

- सरळ बसा, पाय जमिनीवर. छाती काठोकाठ भरून घ्या, ओठ घट्ट मिटा, न चाचरता पूर्ण जोर लावा आणि "थांबा" म्हणेपर्यंत सोडू नका.
- एकाच फुंकेवर "झालं" म्हटलं तर नम्रपणे विचारा, "सर, तीन घ्यायच्या असतात ना?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.
- मुद्दाम कमी फुंकू नका. अर्ध्या जोराची फुंक तीनदा एकसारखी मारणं जवळपास अशक्य असतं, आलेख ते उघड करतो.

टेस्टच्या नंतर:

- आलेखासकट रिपोर्ट मागा. त्यावर दर्जाची ग्रेड आहे का बघा. 'ए' म्हणजे किमान तीन चांगल्या फुंका आणि पहिल्या दोन १५० एमएलच्या आत. डी, ई, एफ असेल तर 'नॉर्मल' या शब्दाला फारसा अर्थ नाही, टेस्ट पुन्हा व्हायला हवी.
- फोनवर फोटो काढा आणि एक साधी शीट बनवा: तारीख, एफईव्ही-१ लिटरमध्ये, एफव्हीसी लिटरमध्ये, ग्रेड. बस्स, चार रकाने. नोकरी बदललात तरी ही शीट तुमच्याबरोबर येते.

आणि रिपोर्ट मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. कारखाने कायद्यात १९८७ साली घातलेल्या कलम ४१-सीने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची कामाआधी आणि काम चालू असताना किमान वर्षातून एकदा तपासणी ठरवून दिली, आणि आरोग्याच्या नोंदी कामगाराला बघता आल्या पाहिजेत असंही म्हटलं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ठरावीक वर्गातल्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने मोफत करायची आहे.

ऐकणाऱ्यांमध्ये कोणी एचआर, सेफ्टी ऑफिसर किंवा सुपरवायझर असेल तर तुमच्यासाठी तीनच प्रश्न. एजन्सीला कोटेशन मागतानाच विचारा: दिवसाला किती टेस्ट करता? रोजच्या सिरिंज तपासणीची नोंद दाखवता का? ए आणि बी ग्रेडच्या टेस्ट शेकडा किती? ज्याला उत्तरं देता येत नाहीत, त्याच्याकडून स्वस्तात घेतलेल्या २०० टेस्टपेक्षा चार दिवसांत नीट केलेल्या १२० टेस्ट कंपनीच्याही जास्त उपयोगाच्या. आणि टेस्ट कितीही चांगली झाली तरी ती धूळ कमी करत नाही. ते काम एक्झॉस्टचं, पाणी मारण्याचं, बंदिस्त मशीनचं. टेस्ट फक्त सांगते की ते काम नीट होतंय की नाही, आणि म्हणूनच ती खरं बोलणारी हवी.

तर मंडळी, घरात कोणाची पीएफटी झाली असेल तर आज रात्री ती फाइल काढा. आलेख आहे का, किती फुंका आहेत, एफईव्ही-१ किती लिटर, एवढं बघा. मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट सापडले तर शेजारी ठेवा. आकडे नाचताना दिसले तर काय विचारायचं हे आता तुम्हाला माहीत आहे. हा भाग शॉप फ्लोअरवरच्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत काळजी घ्या.